माळ्यावरचे सामान विकणारा व्यापारी असतो का? महसूल सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल सचिव,
अर्थ मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली.

विषय : वापरलेल्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या छांदिष्टांसाठी करविषयक नोंदींचे नियम स्पष्ट करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी पुण्यात सदाशिव पेठेत राहतो. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. जुने फिल्म कॅमेरे हुडकून आणणे, खोलणे, चालू करणे आणि त्यातले काही विकून पुढचे आणणे हा गेल्या अकरा वर्षांचा माझा नाद आहे. घरचे लोक त्याला यापेक्षा कडक शब्द वापरतात. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ आणि केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ ही दोन्ही मंडळे आपल्या विभागाच्या अखत्यारीत येतात आणि जीएसटी परिषदेचे सचिवपदही पदसिद्ध आपल्याकडेच असते, म्हणून दोन मंडळांना दोन अर्ज न करता हे पत्र आपल्याला लिहीत आहे. माझे गाऱ्हाणे या दोन मंडळांच्या मधोमध पडलेल्या जागेचे आहे.

कर चुकवण्याची वाट मोकळी ठेवा, असे मला म्हणायचे नाही. जो दर आठवड्याला जुने मोबाइल पोत्याने विकत घेतो आणि झिलई करून ऑनलाइन विकतो, तो व्यापारी आहे आणि त्याने व्यापाऱ्यासारखा हिशेब द्यावा. जो आयुष्यात एकदा माळा रिकामा करतो, तो व्यापारी नाही, हेही कोणी नाकारणार नाही. अडचण होते ती माझ्यासारख्याची, जो या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे.

मध्ये म्हणजे कुठे, ते सांगण्यासाठी एक कॅमेरा आपल्यासमोर ठेवतो. मंगळवार पेठेत, कुंभारवेशीजवळ, दर रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. तिथे ताडपत्रीवर कुलपे, पाने, मिक्सरची भांडी आणि वायरींची भेंडोळी यांच्या शेजारी मला दोन वर्षांपूर्वी एक यशिका इलेक्ट्रो ३५ दिसला. विक्रेत्याने बाराशे सांगितले, मी सहाशे म्हणालो, नऊशेवर सौदा पटला. पावती मागितली असती तर त्याने मला वेड्यात काढले असते. या कॅमेऱ्याच्या पोटात रबराची नखाएवढी गादी असते. चाळीस-पन्नास वर्षांत ती विरघळून डांबरासारखी होते, मग फिल्म पुढे ओढताना जो ‘टक्’ असा आवाज यायला हवा तो येत नाही आणि शटरची वेळ चुकू लागते. वरचे झाकण काढून तो चिकटा खरवडला, नवे रबर मापाने कापून बसवले, मागच्या दारातल्या कुजलेल्या फोमच्या पट्ट्या बदलल्या. त्याची मूळची पाऱ्याची बॅटरी आता बाजारात मिळत नाही, म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडून दोनशे रुपयांत पितळी अडॅप्टर करून घेतला. तीन संध्याकाळी गेल्या. आठ महिने तो मी वापरला, चार रोल काढले आणि मग नाशिकच्या एका मुलाला ३,८०० रुपयांना दिला. त्या पैशांतून आलेला पुढचा कॅमेरा अजून टेबलावर उघडा पडला आहे. अशा वर्षाला अठरा-वीस वस्तू माझ्या हातून जातात आणि ऐंशी हजारांच्या आसपास रक्कम येते. त्यातून खरेदी, सुटे भाग, फिल्म आणि कुरिअर वजा केल्यावर जे उरते, त्यात आमच्या घरची दिवाळीसुद्धा होत नाही.

हा कॅमेरा विकताना मी स्वतःच्या वापरातली वस्तू विकली, भांडवली मालमत्ता विकली की व्यापारातला माल विकला? पहिले उत्तर धरले तर कर शून्य. दुसरे धरले तर भांडवली नफा. तिसरे धरले तर धंद्याचे उत्पन्न आणि त्यासोबत विवरणपत्राचा निराळा फॉर्म. वस्तू तीच, माणूस तोच, रक्कम तीच. मी दोन सीएंना विचारले तेव्हा मला दोन उत्तरे मिळाली, आणि दोघांनीही आपापले उत्तर सांगताना ‘सहसा’ हा शब्द वापरला.

माझ्या रकमा लहान आहेत, त्यामुळे माझी अडचण आजवर मनातल्या मनात राहिली. ज्यांची राहिली नाही, त्यांची हकीकत सांगतो. माझे एक स्नेही गेले. त्यांच्याकडे त्रेपन्न कॅमेरे आणि भिंगांचे दोन ट्रंक होते. सगळे नोकरीच्या पगारातून, म्हणजे कर भरून उरलेल्या पैशांतून, तीस वर्षांत जमवलेले. वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि घर लहान आहे. त्यांनी गेल्या वर्षी भिंगांचा एक ट्रंक सोडून बाकी सगळा संग्रह एका ऑनलाइन लिलाव मंचावरून विकला. मंचाने सुरुवातीलाच त्यांच्याकडून लेखी घेतले की त्या व्यापारी नाहीत आणि या वस्तू घरच्या आहेत. एकूण विक्री ६ लाख १८ हजारांची झाली. वर्षाची विक्री पाच लाखांवर गेली की मंचाला टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या पैशांतून आधीच कर, कापावा लागतो; ती मर्यादा ओलांडली गेल्यामुळे तो कापला गेला, ६१८ रुपये. ती नोंद वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, ई-कॉमर्स विक्री म्हणून उमटली. वहिनी त्या दिवसापासून रात्री नीट झोपल्या नाहीत, कारण त्यांच्या लेखी त्या पानावर त्यांना दुकानदार म्हटले होते. सीएने सांगितले की टीडीएसचे क्रेडिट मागायचे असेल तर त्यामागची रक्कम विवरणपत्रात कुठेतरी दाखवावी लागेल, नाहीतर विवरणपत्र सदोष ठरल्याची नोटीस येऊ शकते. आणि क्रेडिट सोडून दिले तरी नोंद तिथेच राहणार. आजवर त्या सर्वांत सोपा, एक नंबरचा फॉर्म भरत होत्या. त्यात धंद्याच्या उत्पन्नाला जागा नाही. सहाशे अठरा रुपयांचा निकाल लावण्यासाठी त्यांनी पाच हजार रुपये फी दिली.

आता यात मंचाची चूक काढता येत नाही, सीएची नाही आणि आपल्या अधिकाऱ्यांचीही नाही. चूक तरतुदीच्या शब्दांत आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून आलेल्या कलम १९४-ओ ने ई-कॉमर्स चालवणाऱ्याला विक्रीच्या ढोबळ रकमेवर एक टक्का कपात करायला सांगितले. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दर ०.१ टक्का झाला. आणि १ एप्रिल २०२६ पासून नव्या प्राप्तिकर कायद्यात हीच तरतूद कलम ३९३ च्या तक्त्यात गेली. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाने पॅन किंवा आधार दिले असेल आणि वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल तर कपात नाही, ही सूट उदार आहे आणि तिच्याबद्दल मी आभारच मानतो. पण ‘ई-कॉमर्स सहभागी’ या शब्दाची व्याख्या पाहावी. इलेक्ट्रॉनिक सुविधेमार्फत वस्तू किंवा सेवा विकणारी भारतातील निवासी व्यक्ती, एवढेच त्यात आहे. धंदा हा शब्द त्यात नाही. त्यामुळे घाऊक व्यापारी आणि नवऱ्याचे कॅमेरे विकणारी विधवा या कलमाला एकसारख्या दिसतात. शिवाय मोजली जाते ती ढोबळ रक्कम. मंचाचे कमिशन आणि वस्तूची मूळ किंमत त्या आकड्यात कुठेच दिसत नाहीत. पंचवीस हजारांना घेतलेली वस्तू नऊ हजारांना विकणाऱ्याच्या नावावर नऊ हजारांची जमा दिसते. सोळा हजारांची खोट फक्त त्याच्या डोक्यात असते.

मंचाने वहिनींकडून जे लेखी घेतले होते, ते स्वतःच्या बचावासाठी घेतले होते. ते मंचाच्या फायलीत राहिले आणि आकडा तेवढा आपल्याकडे आला, कारण टीडीएसच्या तिमाही विवरणपत्रात असे काही सांगण्यासाठी रकानाच नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मूळ त्या नसलेल्या रकान्यात आहे.

एआयएसवर अभिप्राय देताना ‘हे उत्पन्न करपात्र नाही’ असा पर्याय मिळतो, हे मला ठाऊक आहे. पर्याय चांगला आहे आणि वहिनींच्या वतीने तो आम्ही निवडलाही. पण ज्या बाईने आयुष्यात कधी संगणकावर बँकेचे कामही केले नाही, तिने आधी घाबरायचे, मग सीए गाठायचा आणि मग करपात्र नसल्याचे आपणच कळवायचे, हा क्रम उलटा आहे.

करपात्र नाही, असे तरी आम्ही कशाच्या जोरावर म्हणालो? भांडवली मालमत्तेच्या व्याख्येतून ‘वैयक्तिक चीजवस्तू’ वगळलेल्या आहेत. स्वतःच्या किंवा अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या वापरासाठी ठेवलेली जंगम मालमत्ता, कपडे आणि फर्निचर धरून, त्यात येते. मात्र दागिने, पुरातत्त्वीय संग्रह, रेखाचित्रे, रंगचित्रे, शिल्पे आणि कोणतीही कलाकृती त्यात येत नाही. वाचताना हे स्वच्छ वाटते. पण ‘वैयक्तिक वापर’ म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ढोलपूरच्या महाराज राणा हेमंतसिंहजी यांच्या खटल्यात जे म्हटले, ते संग्राहकाच्या छातीत धडकी भरवणारे आहे. महाराजांकडे सोन्याच्या मोहरा, चांदीचे रुपये आणि चांदीच्या लगडी होत्या, त्या लक्ष्मीपूजनात मांडल्या जात. तेवढ्याने त्या वैयक्तिक चीजवस्तू ठरत नाहीत, असा निकाल झाला. वस्तूचा माणसाच्या रोजच्या वापराशी निकटचा संबंध हवा. मग कपाटात काचेमागे ठेवलेले त्रेपन्न कॅमेरे कुठे बसतात? त्यातले दोन-तीन रोजचे होते, बाकीचे माझे स्नेही महिन्यातून एकदा पुसत आणि शटर दाबून ठेवून देत. छंद म्हणून ठेवलेल्या वस्तूचा वापर म्हणजे ती हातात घेऊन पाहणे हाच असतो, हे टपाल तिकिटे, नाणी, पेन किंवा घड्याळे जमवणाऱ्या कोणालाही समजते. पण या निकालाच्या चौकटीत ते बसवून दाखवणे सोपे नाही.

पुण्यात हा प्रश्न केवळ छांदिष्टांपुरता राहिलेला नाही. पेठांमधले वाडे पुनर्विकासाला जात आहेत आणि प्रत्येक वाड्याबरोबर तीन पिढ्यांचे सामान बाहेर पडते. पूर्वी ते भंगारवाल्याकडे किंवा जुन्या बाजारात मातीमोलाने जाई. आता नातवंडे फोटो काढून ऑनलाइन टाकतात आणि बरी किंमत येते. पितळी घंगाळ आणि शिसवी पलंग विकला तर कर नाही, पण त्याच पलंगावर टांगलेले रंगचित्र विकले तर ती भांडवली मालमत्ता. आजोबांनी घेतलेले असेल तर त्यांची खरेदी किंमत किंवा १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य काढायचे आणि नफ्यावर साडेबारा टक्के दराने कर भरायचा. तत्त्वतः मला ते मान्य आहे. तपशिलात मात्र माझ्याच घरी एक अडले आहे. आमच्या माजघरात राजा रविवर्म्यांच्या लक्ष्मीची छापील तसबीर आहे. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तिथून निघालेल्या हजारो प्रतींपैकी ही एक, असे आजी सांगत असे. ही कलाकृती समजायची, रंगचित्र समजायचे, की देवघरातली तसबीर म्हणून वैयक्तिक चीजवस्तू? एकाच पाट्यावरून निघालेल्या शेकडो प्रती जर कलाकृती असतील तर घरोघरच्या कॅलेंडरांचे काय करायचे, असे मी सीएला विचारले. तो हसला आणि त्याने चहा मागवला.

येथवर प्राप्तिकराचे झाले. जीएसटीकडे वळले की नियम दुसऱ्या टोकाला जातात. तिथे ‘पुरवठा’ होण्यासाठी तो व्यवसायाच्या ओघात व्हावा लागतो, म्हणजे जो शब्द प्राप्तिकराच्या त्या व्याख्येत नाही तो इथे आहे. पण व्यवसायाची व्याख्या वाचली तर त्यात आर्थिक लाभ असो वा नसो, आणि व्यवहारात परिमाण, वारंवारता, सातत्य किंवा नियमितपणा असो वा नसो, असे शब्द आहेत. कायदा करताना हे कशासाठी लिहिले असेल ते समजते. एकदाच मोठा हात मारून ‘हा माझा धंदा नव्हे’ म्हणणाऱ्याला पळवाट मिळू नये म्हणून. परंतु छंद आणि धंदा यांच्यात फरक करण्याची जी सामान्य माणसाची मोजपट्टी आहे, किती वेळा विकतोस, नेमाने विकतोस का, त्यातून कमावतोस का, नेमकी तीच या शब्दांनी काढून घेतली आहे. मग मी वर्षाला अठरा कॅमेरे विकतो याला काय अर्थ उरला? एक विकला असता तरीही मला व्यवसाय म्हणता आले असते, आणि शंभर विकले तरी ते केवळ संख्येमुळे नाही.

व्यवहारात याचा निकाल लावतो तो मंच, आणि तो सावधपणे आपल्या सोयीचा लावतो. विक्रेता म्हणून नाव नोंदवायला गेलो की जीएसटी क्रमांक मागितला जातो. पुस्तके विकणाऱ्याची सुटका होते, कारण छापील पुस्तकांवर जीएसटी नाही; म्हणून अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तके घेऊन विकणारे माझे मित्र सुखात आहेत. कॅमेऱ्याला ती सोय नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना नोंदणीतून सूट मिळाली, केवळ पॅनवर नावनोंदणी क्रमांक घेऊन मंचावरून विकता येऊ लागले, ही खरोखर चांगली सुधारणा होती. पण तिला अट आहे की विक्री एकाच राज्यातून आणि त्या राज्यातच व्हावी. महाराष्ट्रात मालासाठी चाळीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि माझी उलाढाल त्याच्या पन्नासाव्या भागाएवढी आहे. तरीही मी तो यशिका मंचावरून निपाणीला पाठवू शकत नाही, आणि चंदगडला मात्र पाठवू शकतो. सर्वसाधारण ग्राहकाची गोष्ट वेगळी. पण जुन्या कॅमेऱ्याच्या विशिष्ट भिंगाला देशभरात पाच-दहाच गिऱ्हाइके असतात आणि त्यातली बहुतेक कोलकात्याला किंवा कोचीला असतात. छंदाची बाजारपेठ राज्याच्या हद्दीत मावत नाही.

आणि ही अडचण केवळ मालाला आहे. २०१७ च्या ऑक्टोबरपासून आंतरराज्य सेवा देणाऱ्याला वीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. म्हणजे मी पुण्यात बसून कोलकात्याच्या मुलाला ऑनलाइन कॅमेरा दुरुस्ती शिकवली आणि लाखो रुपये घेतले तर नोंदणी नको, पण त्याच मुलाला नऊशे रुपयांचा कॅमेरा मंचावरून विकला तर हवी. हस्तकलेच्या वस्तू करणाऱ्या कारागिरांनाही आंतरराज्य विक्रीत अशीच सूट त्याच वर्षी दिली गेली. तेव्हा अशी सूट देणे आपल्या पद्धतीला परके नाही. नोंदणी करून का टाकत नाही, असे कोणी विचारेल. केली तर घराचा पत्ता धंद्याची जागा म्हणून द्यायचा, विक्री नसली तरी शून्याची विवरणपत्रे भरायची, उशीर झाला की दिवसाला दंड, आणि महाराष्ट्रात त्यापाठोपाठ व्यवसाय कर. ऐंशी हजारांच्या ढोबळ रकमेसाठी एवढा संसार कोणी मांडत नाही. तो माणूस मंच सोडून देतो आणि व्हॉट्सॲपच्या गटावर विकतो, जिथे आपल्या विभागाला काहीच दिसत नाही. मीही तेच करतो आणि हे लिहून देण्यात मला संकोच नाही, कारण त्या गटावर आम्ही काही लपवत नाही. तिथे फक्त आम्हाला कोणी व्यापारी म्हणत नाही.

आपल्या विभागाने असे खुलासे पूर्वी केलेले आहेत आणि ते उपयोगी पडले आहेत. जुलै २०१७ मध्ये जुने दागिने मोडायला नेणाऱ्या गृहिणींमध्ये घबराट उडाली, तेव्हा शासनाने स्पष्ट केले की एखाद्या व्यक्तीने आपले जुने दागिने सराफाला विकणे हे व्यवसायाच्या ओघात होत नाही, म्हणून सराफाला त्यावर उलट आकारणीने, म्हणजे विक्रेत्याऐवजी खरेदीदार म्हणून, कर भरावा लागणार नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या पेढ्यांमध्ये त्यानंतर तो प्रश्न कोणी विचारला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या जैसलमेर येथील पंचावन्नाव्या बैठकीत जुन्या गाड्यांवर अठरा टक्के ठरले तेव्हाही लोकांना वाटले की आपली मारुती विकली तर पूर्ण किमतीवर कर. मग सांगावे लागले की तो नोंदणीकृत विक्रेत्याच्या केवळ नफ्याच्या फरकावर आहे आणि खासगी माणसाने खासगी माणसाला विकलेल्या गाडीवर नाही. दागिन्यांना खुलासा मिळाला, गाड्यांना मिळाला. पंख्याला, गिटारला, सायकलला आणि कॅमेऱ्याला मिळालेला नाही.

बाहेरच्या देशांतही याच दगडाला ठेच लागली आहे. अमेरिकेत मंचांनी विक्रेत्यांची माहिती फॉर्म १०९९-के वर कळवण्याची मर्यादा पूर्वी वर्षाला २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार अशी होती. २०२१ च्या कायद्याने ती एकदम ६०० डॉलरवर आणली. जुने खेळ आणि गिटारी विकणारे लोक हबकले, कर खात्याने अंमलबजावणी एकामागून एक वर्षे पुढे ढकलली आणि जुलै २०२५ मध्ये नव्या कायद्याने जुनीच मर्यादा परत आणली. त्या गोंधळातून एक चांगली गोष्ट निघाली. स्वतःच्या वापरातली वस्तू खरेदीपेक्षा कमी किमतीला विकली असेल, तर ती रक्कम वेगळी दाखवण्यासाठी त्यांनी विवरणपत्राच्या परिशिष्टात वरच एक ओळ दिली. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२४ पासून मंच माहिती गोळा करतात, पण वर्षाला तीसपेक्षा कमी विक्री आणि २,००० युरोपर्यंत रक्कम असणाऱ्याचे नाव कळवले जात नाही. शिवाय तिथे व्यापारातून आलेल्या पहिल्या एक हजार पौंडांना करसूट आहे. दोन्ही ठिकाणी नग आणि रक्कम अशा दोन्ही गोष्टी मोजल्या जातात, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे नुसती रक्कम मोजली जाते आणि म्हणून एकदाच संग्रह विकणारी बाई जाळ्यात येते, तर चार नावांनी चार-चार लाख विकणारा खरा व्यापारी सुटतो.

म्हणून माझी विनंती अशी की दोन्ही मंडळांनी मिळून एकच परिपत्रक काढावे आणि त्यात ‘घरगुती विक्री’ म्हणजे काय ते आकड्यांत सांगावे. वर्षाला पन्नास नग आणि दोन लाख रुपये, या दोन्हींच्या आत असलेली व्यक्ती छांदिष्ट मानावी, आणि ती व्यापारी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी खात्याकडे असावी, असे मी सुचवीन. आकडे आपण बदलावेत, पण आकडे असावेत. वारसाने किंवा घर रिकामे करताना एकदाच होणाऱ्या विक्रीला ही मर्यादा लावू नये, तिथे मंचाने घेतलेले लेखी निवेदन पुरेसे मानावे आणि ते टीडीएसच्या विवरणपत्रातल्या एका रकान्यातून आपल्याकडे पोहोचावे, म्हणजे एआयएसवर ती नोंद विक्री म्हणून न येता घरगुती विक्री म्हणून येईल. या मर्यादेत असलेल्याला मंचावरून राज्याबाहेर विकू द्यावे. छंद मर्यादेबाहेर गेला आणि तो धंदा ठरला, तर त्यालाही साधी वाट असावी; डिजिटल जमेच्या सहा टक्के हेच उत्पन्न धरण्याची, अंदाजित उत्पन्नाची योजना आहेच, फक्त ती छांदिष्टालाही लागू आहे असे परिपत्रकात एका वाक्यात लिहावे.

खरेदीच्या पुराव्याबद्दल थोडे अधिक लिहावे लागेल, कारण इथे प्रामाणिक माणूस सर्वांत अडकतो. नोंदणीकृत जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला जीएसटीत नियम ३२(५) प्रमाणे विक्री आणि खरेदी यांच्या फरकावरच कर द्यावा लागतो. मला प्राप्तिकरात तेच करायचे म्हटले तर खरेदी दाखवायची कशी? जुन्या बाजारात पावती नसते, भंगाराच्या दुकानात नसते, शेजाऱ्याने ‘घेऊन जा हो, नाहीतरी पडूनच आहे’ म्हणून दिलेल्या वस्तूची तर किंमतही नसते. मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. प्रत्येक कॅमेऱ्याला एक पान. वर तारीख, कुठे मिळाला, कितीला, अनुक्रमांक. खाली सुट्या भागांचा खर्च. शेवटी कोणाला आणि कितीला दिला. इलेक्ट्रो ३५ चे पान सत्तेचाळीसावे आहे. दहा हजारांखालच्या वस्तूसाठी अशी वही आणि वस्तूचे छायाचित्र पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाईल, एवढे परिपत्रकात आले तर माझ्यासारखे शेकडो लोक उद्यापासून वह्या घालतील. नाहीतर काय होते ते जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत दिसले. यूपीआयच्या जमेवरून राज्याच्या कर खात्याने छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या आणि पुढच्या काही दिवसांत भाजीवाल्यांच्या गाड्यांवर ‘यूपीआय नाही, रोख द्या’ अशा पाट्या लागल्या. ज्यांच्याकडे सांगण्यासारखा हिशेब होता, त्यांनीही पाटी लावली.

परिपत्रक निघाले तर त्याचा खुलासा मराठीतही यावा. वहिनींना एआयएसचे ते पान मी इंग्रजीतून मराठीत करून सांगितले. ते माझे काम नव्हते आणि मला ते धड जमलेही नाही.

त्यांच्याकडे अजून भिंगांचा एक ट्रंक शिल्लक आहे. तो विकावा की यंदा थांबावे, असे त्यांनी मला गेल्या आठवड्यात विचारले. थांबा, असे मी सांगितले. आमच्या माजघरातली लक्ष्मीही कलाकृती की तसबीर हे आपल्याकडून कळेपर्यंत भिंतीवरच राहील.

आपला विश्वासू,
एक छांदिष्ट करदाता,
सदाशिव पेठ, पुणे